शिवणकाकूंचा फोन पोस्टमास्तरांच्या फोनशी बोलत नाही

त्या भिंतीवरचा स्टीलचा डबा माझा होता आणि त्यात फोन होता. बस, एवढंच. हे मी पोलीस चौकीत सांगितलं, कचेरीत साहेबांना सांगितलं आणि दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या एका अनोळखी पेशंटलाही सांगितलं. तरी अजून मी उतारावरून निघालो की कोणीतरी विचारतंच, "काय, आज डबा नाही वाटतं?" म्हणून आता सगळं सविस्तर लिहूनच काढतो. मग ज्याला जे म्हणायचं ते त्यानं म्हणावं.

आमची वसाहत टेकडीच्या उतारावर आहे. अगदी वर आमची इमारत आणि अगदी खाली, जिथं पायऱ्या संपतात तिथं, बाबांच्या दोन खोल्या. मोबाइल कंपन्यांचे मनोरे टेकडीच्या पलीकडे आहेत आणि आम्ही अलीकडे आहोत. आमच्या बाल्कनीच्या उजव्या कोपऱ्यात कठड्याला पोट टेकून, जरा बाहेर झुकून उभं राहिलं तर थोडीशी रेंज मिळते. आमच्या घरातली सगळी खाजगी बोलणी त्यामुळे त्याच कोपऱ्यात होतात आणि समोरच्या इमारतीला ती तोंडपाठ आहेत. उतरायला लागलं की दुसऱ्या वळणावर तीही रेंज जाते. पूर्वी तारेचे फोन होते. रस्ता खणताना तारा तुटल्या. त्या जोडायला माणूस निघालाय, असं कळलं होतं. तो बहुधा चालत येत असावा.

बाबा सकाळी मोरीत घसरले आणि दुपारी आमची ही जेवण घेऊन खाली गेली तोवर तिथंच भिंतीला टेकून होते. मोडलंबिडलं काही नाही. शिवाय बाबांच्या मते ते पडलेच नव्हते, बसले होते.

"मोरीत?" हिनं विचारलं.

"बसावंसं वाटलं," बाबा म्हणाले.

आमच्याकडे येऊन राहा म्हणावं, तर आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि त्याआधी तो सगळा चढ. "मला चढवत नाही," असं म्हणून ते आपल्या बाकाशी बसत. हा बाक म्हणजे बाबांचं संस्थान. निवृत्त झाल्यापासून ते त्यावर लोकांची घड्याळं फुकट दुरुस्त करतात. वसाहतीतली निम्मी घड्याळं त्यांनी दुरुस्त केली आहेत, त्यामुळे आमच्याकडे कोणाचीही वेळ कोणाशी जुळत नाही. पण ते कोणी त्यांना बोलून दाखवत नाही.

ताईला हे कळलं तेव्हा मी कोपऱ्यात झुकलेलाच होतो. ताई माझ्याहून मोठी. मेव्हणे गेल्यापासून मोठ्या शहरात एकटी राहते आणि नोकरी करते. बोलताना ती मला अजून चौथीत असल्यासारखं वागवते.

"त्यांना हाक मारायची तरी सोय आहे का तिथं? नाही ना? मग ऐक. महिनाअखेरीला मी येणार आहे. तोवर काही सोय झाली नसेल तर बाबांना घेऊन जाणार. वाद नको."

"अगं पण बाबा..."

"वाद नको म्हटलं."

समोरच्या इमारतीतल्या बाईंनी मान डोलावली. त्यांचा ताईला पाठिंबा होता.

बाबांना सांगितलं, तेव्हा ते भिंग न काढताच म्हणाले, "मी जाणार नाही. तिकडे बाराव्या मजल्यावर बसून मी काय ढग मोजू?" एवढं बोलून त्यांनी एक स्प्रिंग उडवली आणि आम्ही दोघं ती शोधायला जमिनीवर बसलो. तिथं, बाकाखाली ओणवा असतानाच मी ठरवलं, की बाबा इथून हलणार नाहीत. काय वाटेल ते करीन. मी सहसा काही ठरवत नाही, त्यामुळे ठरवल्यावर मला फार बरं वाटलं.

मी विमा कचेरीत आहे. आमच्या कचेरीत एक संगणकवाले येतात. त्यांच्यापाशी मी रडगाणं गायलो, तर ते म्हणाले, "मनोरा हवाय कशाला? फोनच फोनला निरोप देतील की. आग लागल्यावर माणसं रांगेत उभी राहून हातोहात बादल्या देतात, तसं. तुमच्या वडिलांचा फोन शेजारच्याला देईल, शेजारचा त्याच्या शेजारच्याला. प्रत्येकाच्या फोनमध्ये एक ॲप टाकायचं आणि फोन खिडकीत ठेवायचा. झालं."

झालं! हा शब्द उच्चारणाऱ्या माणसांबद्दल मला आता वेगळं मत आहे. फोनचं झालंच होतं. फोन फार समजूतदार असतात. पण प्रत्येक फोनला एक मालक असतो, ही गोष्ट संगणकवाले विसरले होते.

आमच्या घरापासून बाबांपर्यंत तीन मुक्काम लागत होते. वरच्या वळणावर दातांचे डॉक्टर, मधे निवृत्त पोस्टमास्तर आणि बाबांच्या अलीकडे शिवणकाकू. मी वरून सुरुवात केली.

डॉक्टर म्हणाले, "बसा, बसा, सांगा काय ते," आणि मी त्यांच्या खुर्चीत बसलो. दुसरी खुर्चीच नव्हती. तोंड उघडून बोलायला लागलो तर त्यांनी आत दिवा मारला. "मनोरा नको म्हणता? अरेरे! ही दाढ कधीपासून अशी आहे?" मी नेटवर्कबद्दल बोललो, ते दाढेबद्दल बोलले, आणि तोंडात हत्यार असल्यामुळे त्यांचंच म्हणणं खरं ठरलं. अर्ध्या तासानं फोन खिडकीत ठेवायला ते आनंदानं तयार झाले. या प्रकल्पात माझी एक दाढ कामी आली, हे मी ताईला मुद्दाम सांगितलेलं नाही.

पोस्टमास्तरांकडे गाल सुजलेला घेऊन गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"म्हणजे तुमच्या वडिलांचं टपाल माझ्या हद्दीतून जाणार."

"हो. पण तुम्हाला काही करायचं नाही. तुमचा फोनच पुढे देईल."

"मजकूर मला दिसेल?"

"नाही, नाही. बंद पाकिटासारखं असतं ते. तुम्हाला फक्त एक लाल ठिपका दिसतो. निरोप पुढे गेला की तो जातो."

"उत्तम," ते म्हणाले. "दिसत असता तर मी परवानगी दिली नसती. उभ्या जन्मात मी दुसऱ्याचं पाकीट उघडलेलं नाही." मग उठून त्यांनी कपाटातून जुनी टोपी काढली, फुंकर मारली आणि परत ठेवली. मला भरून आलं. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "माझ्याकडे ते येणार कुठून?"

"शिवणकाकूंकडून."

"मग नाही."

या दोघांचं का बिनसलं, याच्या निरनिराळ्या हकिकती आहेत. काकूंचं शिलाई मशीन पोस्टमास्तरांच्या दुपारच्या झोपेत शिरतं ही एक. पोस्टमास्तरांनी काकूंची कपड्यांची दोरी कापली ही दुसरी. दोघांच्या घरांमध्ये फक्त एक कमरेइतकी भिंत आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंनी ते वर्षानुवर्षं एकमेकांकडे न बघता झाडांना पाणी घालतात. न बघता पाणी घालणं सोपं नाही. निम्मं पाणी भिंतीवरच पडतं.

"मी त्यांच्याकडून काही स्वीकारणार नाही," पोस्टमास्तर म्हणाले.

काकू सुई दातांत धरून म्हणाल्या, "हे बघा, तुमच्या बाबांसाठी मी जीव टाकीन. पण माझा फोन त्या माणसाच्या फोनशी बोलणार नाही. आम्ही दोघं गप्प, आणि फोन मात्र दिवसभर गुलुगुलु करणार? लोक काय म्हणतील?"

"अहो काकू, फोनचं बोलणं कोणाला ऐकू येत नाही."

"त्याला कळेल ना!"

मी दोघांच्या पायऱ्या झिजवल्या. लहरींचं शास्त्र सांगितलं, बाबांचं वय सांगितलं, ताईचा स्वभाव सांगितला. वसाहतीत एव्हाना बातमी फुटली होती आणि सल्ले सुरू झाले होते. एकानं बाबांना शिट्टी द्यायला सुचवलं. दुसऱ्यानं खालून वरपर्यंत दोरी ओढून आमच्या स्वयंपाकघरात घंटा बांधायला सांगितली. समोरच्या बाईंनी बाल्कनीतून ओरडून विचारलं, की वडिलांना ताईकडे पाठवायला माझी एवढी हरकत का? त्या दिवसापासून मला 'टॉवर' हे नाव पडलं. "टॉवर आले," "टॉवर जेवले का?" मी माझ्या कचेरीत उपव्यवस्थापक आहे.

शेवटी तोड हिनं काढली. भाजी निवडता निवडता म्हणाली, "मधल्या भिंतीवर आपला जुना फोन ठेवा. काकूंचा फोन आपल्या फोनला देईल, आपला फोन पोस्टमास्तरांना देईल. त्या दोघांचा संबंधच कुठे येतो?"

दोघांनाही हे पटलं! काकू म्हणाल्या, "मी तुमच्या फोनला दिलं. पुढे तो कोणाला देतो ते त्याचं त्याला माहीत." पोस्टमास्तर म्हणाले, "उपकेंद्र असेल तर हरकत नाही." इतक्या मोठ्या माणसांना इतकं छोटं कारण पुरलं, याचं मला नवल वाटत राहिलं.

आता फोन उन्हापावसात उघडा कसा ठेवायचा, म्हणून मी तो चार्जिंगच्या बॅटरीसकट आमच्या स्टीलच्या डब्यात घातला, झाकण घट्ट लावलं आणि भिंतीवर तारेनं बांधला. निरोप पोचेना. पुन्हा बांधला, तरी पोचेना. स्टीलच्या डब्यातून लहरी बाहेर पडत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. कोणालाच ठाऊक नव्हतं. मी कचेरीत गेलो, आणि ज्यांना तो डबा कशाचा ते माहीत नव्हतं अशा कोणीतरी, भिंतीला बांधलेला, तारा असलेला, आतून अधूनमधून टुणटुण वाजणारा डबा पाहून पोलिसांना कळवलं.

चौकीतल्या साहेबांनी डबा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला होता आणि स्वतः दाराशी उभे होते.

"हे काय आहे?"

"नेटवर्क आहे, साहेब."

"कोणत्या कंपनीचं?"

"कंपनीचं नाही. आमचंच. घरगुती."

"परवानगी?"

"याला परवानगी लागत नाही."

"लागत नाही असं लिहून आणा."

टेलिफोन खात्यात गेलो. तिथल्या बाई फार सज्जन होत्या. त्यांनी सांगितलं की ज्याला परवानगी लागते त्याची परवानगी त्या देतात. ज्याला लागत नाही, त्याला ती लागत नाही हे सांगायचा अधिकार त्यांना नाही. तो वरच्या मजल्यावर. वरच्या मजल्यावर ते गृहस्थ म्हणाले, की लागत नसलेल्या गोष्टीचा अर्ज आल्यास ते तो नाकारू शकतात, मात्र त्यासाठी आधी ती लागत असायला हवी. मी खाली आलो, वर गेलो, पुन्हा खाली आलो. एका टप्प्यावर तिथल्या शिपायानं मला नवीन भरती झालेला समजून एक फाईल हातात दिली, आणि मी ती योग्य टेबलावर नेऊन ठेवली. दिवसभरात तेवढं एकच काम त्या इमारतीत झालं.

रिकाम्या हातानं चौकीत परतलो. अपमान गिळून साहेबांना सगळं सांगितलं, बाबा मोरीत कसे बसले होते इथपासून. साहेब ऐकत होते. मग म्हणाले, "माझी आई गावाला एकटीच असते."  नंतर त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. "न्या. पण झाकण लावू नका, आणि वरती मोठ्या अक्षरांत लिहा, फोन आहे म्हणून."

मी प्लास्टिकचा डबा आणला, त्यावर 'फोन आहे' असं लिहिलं, आणि संध्याकाळी कचेरीतून आल्यावर माझ्या फोनवर बाबांचा पहिला निरोप वाजला. निरोप असा होता: "?"

मला आयुष्यात इतका आनंद क्वचितच झाला असेल. हिला दाखवला, डॉक्टरांना दाखवला. मग रोज निरोप यायला लागले. "भात मऊ कर." "निळं घड्याळ कोणाचं?" "काकूंचा दिवा लागला नाही, बरी आहे का विचार." कचेरीत बसूनही मला आता खालची काळजी कमी वाटायची, कारण ॲप हिच्याही फोनमध्ये होतं आणि ही घरी असायची. ताईला मी कोपऱ्यातून कळवलं, की सोय झाली आहे, येण्याचं कारण नाही. ती म्हणाली, "मी बघितल्याशिवाय मानणार नाही," आणि रविवारी सकाळी बॅग घेऊन दारात उभी राहिली.

ताई खाली बाबांना भेटून वर आली ती परीक्षा ठरवूनच. "बाबा आता खालून निरोप पाठवणार आहेत. मी इथं चहा घेते. माझा चहा संपायच्या आत आला पाहिजे. नाही आला तर संध्याकाळच्या गाडीचं त्यांचं तिकीट काढते. बाबांशी तसं बोलले आहे."

"बाबा कबूल झाले?" मी विचारलं.

"म्हणाले, पोरानं एवढी खटपट केली आहे, पोचेलच."

 ताईनं पहिला घोट घेतला. मी फोन टेबलावर मधोमध ठेवला. ताई चहा फुंकून पिते, त्यामुळे आशेला जागा होती. अर्धा कप झाला. फोन गप्प. हिनं न विचारताच किटलीतून ताईचा कप पुन्हा काठोकाठ भरला. ताईनं तिच्याकडे पाहिलं. "थंड झाला असेल," ही निरागसपणे म्हणाली. तो कपही निम्म्यावर आला तशी ती परत किटली घेऊन आली, तेव्हा ताईनं कपावर हात ठेवला.

"पुरे," ताई म्हणाली.

मी म्हणालो, "ताई, थोडं थांब. कुठेतरी अडला असेल. मी बघून येतो."

"तूच जाऊन आणणार असशील तर फोन कशाला?"

 तिनं शेवटचा घोट घेतला आणि कप बशीत ठेवला. मी आयुष्यात एक गोष्ट ठरवली होती आणि ती बशीत उपडी होताना बघत होतो. मला रडू येईल असं वाटलं, आणि चौथीतल्या मुलासमोर बसावं तशी ताई समोर बसली होती.

तेवढ्यात जिन्यात धापा ऐकू आल्या. दार उघडलं. दारात पोस्टमास्तर, डोक्यावर ती जुनी टोपी, दोन्ही हातांत फोन धरलेला. त्यांच्यामागे गळ्यात मोजपट्टी घातलेल्या शिवणकाकू. दोघं एकाच जिन्यात, एकाच वेळी! पोस्टमास्तर उंबऱ्याच्या आत आले आणि टेबलावरचा माझा फोन टुण् करून वाजला.

"पोच द्या," पोस्टमास्तर म्हणाले.

"अहो, कसली पोच? यांना विचारा, फोन बंद का होता ते!" काकू कडाडल्या. "माझ्या फोनवर लाल ठिपका आला आणि गेला. पण भिंतीवरच्या डब्यात तो तसाच, पुढे हलेना. बघते तर यांच्या खिडकीत फोन आडवा, मेल्यासारखा. शेवटी यांच्या दारावर थाप मारली. मी! यांच्या दारावर!"

"आज रविवार," पोस्टमास्तर शांतपणे म्हणाले. "रविवारी टपाल बंद असतं. मी रविवारी फोन बंदच ठेवतो."

मला हे कधीच कळलं नव्हतं, कारण रविवारी मी स्वतःच बाबांकडे बसलेला असतो. निरोप येतो कशाला!

"मी म्हटलं, म्हाताऱ्याला घेऊन जातील आज, आणि तुम्ही सुट्टी काय पाळता," काकू म्हणाल्या. "तेव्हा यांनी फोन सुरू केला. तर वर डॉक्टर बाहेरगावी, फोन घेऊन गेलेले. मग हे म्हणाले, मी स्वतः पोचवतो. यांच्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून मी बरोबर आले."

ताईनं माझा फोन उचलून वाचला. "पाय दुखतात. वर येववत नाही. काळजी नसावी. बाबा." वाचून तिनं मान वर केली, आणि तशीच ठेवली. काकूंच्या मागे, कठड्याला धरून, लालबुंद झालेले बाबा उभे होते.

"बाबा! तुम्ही कसे आलात?"

"हे दोघं एकत्र चालताना दिसले," बाबा दम घेत म्हणाले. "म्हटलं, काहीतरी भयंकर झालं असणार. आलो मागोमाग."

हिनं धावत जाऊन खुर्ची दिली. मी मात्र मुद्दा सोडला नाही. "ताई, निरोप आला की नाही?"

"माणसं घेऊन आली."

"फोन घेऊन आली! फोन फिरता असतो. एक वाट बंद झाली की तो दुसरी शोधतो. हे शास्त्रच असं आहे," मी म्हणालो. माझा आवाज जरा चढला होता आणि माझं सगळं बरोबर होतं.

ताई ऐकत नव्हती. ती पोस्टमास्तरांकडे बघत होती. ते टोपी काढून घाम पुसत होते आणि काकू त्यांच्याकडे न बघता त्यांना पाण्याचा पेला देत होत्या.

"बाबांना मी नेत नाही," ताई म्हणाली. मग थोड्या वेळानं, कोणाला उद्देशून ते कळलं नाही, "मागं मला ताप आला होता. आमच्याकडे रेंज काय, भरपूर असते. फोन उशाशीच होता. कोणाला करावा तेच सुचेना. शेजारचं नावही मला माहीत नाही." ती हसायला गेली आणि तिला हसता आलं नाही. "बाबा आले तर घरात कोणीतरी असेल, असं वाटलं मला. काळजीबिळजी नंतरची."

ताई असं काही बोलू शकते, हे मला माहीत नव्हतं. मला तिची फार दया आली, आणि इतक्या वर्षांत मी तिला कोपऱ्यातून फक्त "सगळं ठीक आहे" एवढंच सांगत आलो याची लाज वाटली.

तिनं पर्समधून आपला फोन काढून माझ्यासमोर धरला. "ते तुमचं ॲप माझ्यात टाक."

मी तोंड उघडलं. हे चारदोन घरांच्या पलीकडे जात नाही, तुझं शहर कुठल्या कुठे, मधे किती माणसं लागतील याचा हिशेबच नाही, हे सगळं मी महिनाभर अख्ख्या वसाहतीला समजावत होतो आणि मला ते आता पाठ झालं होतं. हिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी तोंड मिटलं आणि ॲप टाकून दिलं.

बाबांनी खिशातून आपला फोन काढला. चष्मा कपाळावर सारला आणि एका बोटानं अक्षरं शोधायला लागले. आम्ही सगळे उभे होतो. पोस्टमास्तरांनी मान दुसरीकडे वळवली.

ताईचा फोन वाजला. बाबा तिच्या शेजारच्याच खुर्चीत होते, मधे कोणीच नव्हतं, त्यामुळे लगेच पोचला. तिनं वाचला. त्यात लिहिलं होतं, "राहा."

ताईनं पर्स खांद्यावरून काढून खुंटीला अडकवली आणि हिला विचारलं, "गादी कुठे टाकू?"